थायमसचा कर्करोग आणि असमर्थतेचें वेतन

छातीच्या मधल्या हाडामागें, हृदयाच्या पुढच्या अंगास, थायमस नांवाची एक ग्रंथि असते. बालपणीं ती भरदार असते. वयांत आल्यावर हळूहळू सुकत जाते आणि उतारवयांत तिच्या जागीं बहुतेक चरबीच उरते. रोगजंतूंशीं झुंजणाऱ्या कांहीं पांढऱ्या पेशी याच ग्रंथींत तयार होऊन बाहेर पडतात, हें जॅक मिलर यांनीं १९६१ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं दाखवून दिलें.

या ग्रंथींत गांठ होणें हेंच मुळीं विरळा. झालीच तर ती बहुधा थायमोमा या जातीची, म्हणजे सावकाश वाढणारी असते. परंतु क्वचित् एखाद्या रोग्याच्या नशिबीं लघुपेशी कर्करोग येतो. सूक्ष्मदर्शकाखालीं त्याच्या पेशी बारीक व दाट दिसतात. वाढ मात्र झपाट्याची. ही गांठ हृदयाकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देते. मग तोंड, मान आणि हात सुजतात, खोकला येतो, धाप लागते. पुष्कळदां निदान होईपर्यंत रोग इतर अवयवांत पोंचलेला असतो आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते.

अशा रोग्यापुढें औषधाइतकाच पोटाचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेंत १९५६ च्या कायद्यानें, पगारांतून वर्गणी भरलेल्या असमर्थ कामगारांस वेतन देण्याचें ठरलें. १९५७ च्या जुलैपासून तें मिळूं लागलें. ५० वर्षांखालील कामगारांस वगळणारी अट १९६० सालीं उठविण्यांत आली. मात्र या कायद्याला अर्धवट असमर्थता मान्य नाहीं. रोग निदान १२ महिने टिकणारा किंवा मृत्यूंत शेवट होणारा असावा आणि त्यामुळें पुरेशी कमाई होईल असें कोणतेंही काम करतां येऊं नये, अशी त्याची व्याख्या आहे.

अर्जाची तपासणी पांच प्रश्नांनीं होते. अर्जदार सध्यां ठराविक मर्यादेवर कमाई करीत आहे काय? रोग गंभीर आहे काय? तो सरकारी यादींतील रोगांच्या तोडीचा आहे काय? पूर्वीचें काम जमेल काय? दुसरें कोणतें जमेल काय? या सर्वांतून जातां जातां महिनेच्या महिने लोटतात. ज्याच्या हातीं महिनेच थोडे, त्याला हा मार्ग परवडत नाहीं. म्हणून २००८ च्या ऑक्टोबरांत ‘कम्पॅशनेट अलाउअन्सेस’ ही योजना ५० रोगांपासून सुरू झाली. २०२५ पर्यंत त्यांची संख्या ३०० झाली. थायमसचा लघुपेशी कर्करोग त्यांत आहे. या योजनेनें नवा हक्क मिळत नाहीं. अर्ज तेवढा ढिगाऱ्यांतून काढून पुढें घेतला जातो. निदान पक्कें असलें कीं बहुधा तिसऱ्या प्रश्नावरच निकाल लागतो. पहिला प्रश्न मात्र कोणालाच चुकत नाहीं.

येथें सारें भवितव्य एका कागदावर अवलंबून असतें. तो कागद म्हणजे गांठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा अहवाल. ‘छातींत गांठ आहे’ एवढेंच क्ष-किरणचित्रावरून लिहिलेलें असेल, तर सावकाश वाढणारी गांठ आणि ही गांठ यांतील भेद तपासनीसास कळणार कसा? रोगाचें नेमकें नांव, तो कोठवर पसरला आहे आणि उपचार कोणते झाले, हें अर्जासोबत आलें तरच योजनेचा खरा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट तारखेची. निकाल आठवड्यांत लागला तरी असमर्थतेचे पहिले पांच पूर्ण महिने वेतन मिळत नाहीं. स्नायू निकामी करणाऱ्या ए. एल. एस. या रोगास २०२० च्या कायद्यानें ही अट माफ झाली. थायमसच्या रोग्यास ती सुटलेली नाहीं. पण हे महिने अर्जाच्या दिवसापासून मोजीत नाहींत, तर असमर्थता सुरू झाल्यापासून मोजतात. समजा, एका कारागिराचें तोंड सुजलें, धाप लागली आणि १० मार्चला त्यानें काम सोडलें. निदान मेच्या मध्यास झालें. मार्च धरला तर सप्टेंबरपासून वेतनाचा हक्क उत्पन्न होतो; मे धरला तर नोव्हेंबरपासून. म्हणजे मार्चमधील डॉक्टरांची टिपणें न जोडल्यामुळें दोन महिन्यांचें वेतन बुडूं शकतें.

निर्धन रोग्यांसाठीं १९७४ पासून सुरू असलेल्या निराळ्या साहाय्यास पांच महिन्यांची अट नाहीं. पण एकट्या माणसाजवळ, राहतें घर वगैरे सोडून, २,००० डॉलरांहून अधिक मालमत्ता असतां कामा नये.

रोगाची गति थांबविणें कायद्याच्या हातीं नाहीं. कचेरींतला विलंब मात्र त्याला कमी करतां येतो, आणि तेवढा तो येथें करूं पाहतो. उरलेलें काम रोग्याच्या डॉक्टरांचें: नांव नेमकें लिहिणें आणि पहिल्या लक्षणाची तारीख न विसरणें. खाटेवर पडलेल्या माणसाला त्या दोन ओळींचा आधार औषधापेक्षां कमी नसतो.