औषध शाबूत, तरी निकामी

नायट्यावरची इट्राकोनॅझोलची कॅप्सूल उघडून पाहिली, तर आत पूड नसते, पांढरे बारीक गोल दाणे असतात. गेली काही वर्षं नायट्याने घराघरांत उच्छाद मांडला आहे, त्यामुळे हे नाव आता पुष्कळांना पाठ आहे. ओळखीचे एक त्वचारोगतज्ज्ञ बोलता बोलता म्हणाले, ‘‘नाव तेच, 100 मिलिग्रॅम तेच, पण एका कॅप्सूलने गुण येतो, दुसरीने येत नाही.’’ ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध प्रयोगशाळेत जाण्याची परवानगी मागितली.

दाणे करण्याची रीत सरळ आहे. साखरेच्या बारीक गोळ्या गरम हवेच्या झोतात खेळत्या ठेवायच्या, औषध आणि एचपीएमसी नावाचा पॉलिमर द्रावकात विरघळवून त्यांच्यावर फवारायचे आणि दाणे वाळवायचे. महत्त्वाचं घडतं ते द्रावक उडून जाताना. इट्राकोनॅझोलचे स्फटिक पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. फवाऱ्यात मात्र रेणूंना रांगेत बसायला वेळ मिळत नाही. ते पॉलिमरच्या साखळ्यांत अडकून, विस्कटलेलेच राहतात. लिमलेटची गोळी ही अशीच न स्फटिकलेली साखर असते. पावसाळ्यात बरणी उघडी राहिली की ती चिकट होते आणि मग हळूहळू साखर धरते. औषधाचं हे विस्कटलेलं रूप पाण्यात लवकर विरघळतं, पण त्याची ओढ कायम पुन्हा स्फटिक होण्याकडे असते.

ती ओढ किती जोरात आहे, हे स्टॅबिलिटीच्या खोलीत तपासतात. तिथे मी पुन्हा पुन्हा जात राहिले. कपाटाएवढ्या चेंबरमध्ये 40 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रता सहा महिने अखंड राखलेली. दार उघडलं की ओल्या पुठ्ठ्याचा कोंदट वास अंगावर येतो आणि चष्मा धुरकटतो. तिथल्या मॅडम मूळच्या पैठणकडच्या. त्या यादीशी लेबल ताडून नमुने काढत होत्या, एकही नमुना दोनदा पाहिल्याशिवाय पुढे सरकवत नव्हत्या.

‘‘पन्नास लक्षात ठेवा,’’ त्या म्हणाल्या. असा विस्कटलेला पदार्थ एका ठरावीक तापमानाला आपला काचेसारखा कडकपणा सोडू लागतो. त्याला इथे सगळे टीजी म्हणतात. साठवण त्याच्या निदान पन्नास अंश खाली असावी, असा या क्षेत्रातला ढोबळ नियम. निव्वळ इट्राकोनॅझोलचा टीजी सुमारे 59 अंश. त्यातून पन्नास वजा करा, उरतात नऊ. आणि बाहेर मराठवाड्याचा मे महिना! पॉलिमर हा टीजी वर ढकलतो, शिवाय रेणूंना एकमेकांजवळ सरकू देत नाही. दमट हवेतलं पाणी नेमकं उलटं करतं: आत शिरून टीजी खाली ओढतं आणि रेणूंना हालचालीला मोकळीक देतं. पन्नासाचं अंतर असं उष्णता आणि ओल अशा दोन्ही बाजूंनी कुरतडलं जातं.

मग त्यांनी दोन आलेख समोर ठेवले. क्ष-किरणांच्या तपासणीत विस्कटलेल्या औषधाचा आलेख नुसता पसरट उंचवटा दाखवतो. पहिला तसाच होता. दुसरा नमुना पॉलिमर मुद्दाम कमी घालून केलेला आणि उघड्या बशीत ठेवलेला. त्याच्या उंचवट्यावर बारीक सुळके उगवले होते. स्फटिक सुरू झाले होते. रंग तोच, दाणा तोच, औषधाचं प्रमाणही पुरेपूर.

‘‘एचपीएलसीला, म्हणजे औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राला, यातलं काही कळत नाही,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘त्यात घालायच्या आधी आम्ही नमुना विरघळवूनच टाकतो ना! ते औषध किती आहे ते सांगतं, कसं बसलंय ते नाही.’’ हे ऐकल्यापासून कुठल्याही पाकिटावरचा मिलिग्रॅमचा आकडा मला अर्धाच वाटतो.

स्फटिकांनी जगाला एकदा चांगलंच हादरवलं आहे. एचआयव्हीवरचं रिटोनाविर 1996 मध्ये बाजारात आलं. 1998 मध्ये त्याचा कमी विरघळणारा नवा स्फटिक अचानक उपटला आणि कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या. रुग्णांवर वाईट चवीचा द्रव घ्यायची वेळ आली. पुढे लोपिनाविर हे एचआयव्हीवरचंच दुसरं औषध आणि रिटोनाविर वितळत्या पॉलिमरमध्ये मिसळून केलेली गोळी 2005 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. या जोडीच्या आधीच्या कॅप्सूलना फ्रिज लागे, या गोळीला लागत नाही. गरम देशांतल्या, वीज जाणाऱ्या गावांतल्या रुग्णांसाठी हा केवढा आधार!

म्हणूनच पॉलिमर किंवा पॅकिंग यांत काटकसर करणं मला सरळ रुग्णाची फसवणूक वाटते. साध्या प्लास्टिकच्या पट्टीतून ओल हळूहळू झिरपते. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली पट्टी तिला जवळपास पूर्ण अडवते, पण महाग पडते.

आपल्या हातातही काही आहे. गोळ्या-कॅप्सूल आठवड्याच्या डबीत आधीच सोलून ठेवू नका. घ्यायच्या वेळीच पट्टी फोडा. बाटलीतली सिलिका जेलची पुडी फेकू नका. औषधं गॅसच्या ओट्यावर, न्हाणीघरात किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. आणि इट्राकोनॅझोलच्या या कॅप्सूल डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर भरपेट जेवणानंतर लगेच घ्या. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.