प्रवासात गेम खेळायला कोणतं यंत्र घ्यावं?

गणपती किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की गावी निघणाऱ्या बऱ्याच घरांत हा विषय निघतो. गाडीत खेळायला एखादं हँडहेल्ड घ्यावं का आणि घ्यायचंच तर कोणतं? दुकानदाराचं आणि यूट्यूबवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं : परवडेल तितकं ताकदवान घ्या. घरी सोफ्यावर बसून खेळायचं असेल तर हा सल्ला ठीक आहे. प्रवासासाठी मात्र तो चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचं पस्तीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे.

निन्टेन्डोनं १९८९ साली गेम बॉय आणला, तेव्हा त्याच्या हिरवट पडद्यावर चार छटांपलीकडे काही दिसत नसे. मागून उजेडही नव्हता. त्याच वर्षी आलेला अटारीचा लिंक्स आणि १९९० मधला सेगाचा गेम गिअर, दोन्ही रंगीत आणि उजळ पडद्याचे. कागदावर गेम बॉय केव्हाच हरला होता. पण तो चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून अधिक चाले, तर गेम गिअर सहा सेल तीन ते पाच तासांत संपवी. निन्टेन्डोचे गुनपेई योकोई यांचं म्हणणंच असं होतं, की जुनं, स्वस्त, खात्रीचं तंत्रज्ञान घ्या आणि ते नव्या तऱ्हेनं वापरा. गेम बॉय आणि पुढचा गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक विकले गेले. गेम गिअर १ कोटीच्या आसपास थांबला.

आज सेलची जागा लिथियम बॅटरीनं घेतली असली तरी हिशेब तोच आहे. पीसीचे गेम चालवणाऱ्या स्टीम डेक या हँडहेल्डच्या पहिल्या आवृत्तीची बॅटरी ४० वॅट-तासांची होती आणि कंपनी सांगते ती वेळ २ ते ८ तास. एवढी तफावत कशामुळे? भारी त्रिमितीय गेममध्ये पूर्ण यंत्र २० वॅटच्या पुढे ओढतं, म्हणजे दोन तासांत खेळ खलास. साधा द्विमितीय गेम ७-८ वॅटवर चालतो आणि तीच बॅटरी पाच तास पुरते. म्हणून ‘बॅटरी किती तास चालते’ हा प्रश्न यंत्राइतकाच गेमलाही विचारायला हवा. पडद्याचा उजेड कमी केला आणि फ्रेम रेट (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वरून ४० वर आणला, तर तेच यंत्र बरंच जास्त टिकतं. ही सेटिंग्ज घरीच करून ठेवावीत.

यापुढचा गैरसमज पॉवर बँकेचा, आणि त्यात भले भले फसतात. खोक्यावर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं, त्या पहिल्या डेकची बॅटरी असते सुमारे ५,२०० ची; भागाकार केला की वाटतं, जवळजवळ चार वेळा चार्ज होईल. होत नाही. पॉवर बँकेतला आकडा ३.७ व्होल्टचा असतो आणि डेकची बॅटरी ७.७ व्होल्टची. एमएएच एमएएचशी ताडून पाहायचे नसतात, वॅट-तास पाहायचे असतात. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास. वायरीत आणि रूपांतरात जाणारी ऊर्जा वजा केली तर हातात साठ-पासष्ट उरतात, म्हणजे फार तर दीड वेळा चार्जिंग. शिवाय पॉवर बँक दहा वॅटच देणारी असेल तर भारी गेम चालू असताना टक्के वाढायच्या ऐवजी घटत राहतात. डेकचा स्वतःचा चार्जर ४५ वॅटचा आहे, त्यामुळे पॉवर बँकेवर ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ आणि किमान ३०-४५ वॅट लिहिलंय का, ते पाहावं. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानात नेता येते, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. काही विमान कंपन्यांनी अलीकडे ती उड्डाणात वापरण्यावरही बंदी घातली आहे, तेव्हा तिकिटाबरोबर नियमही वाचावेत.

‘ट्रेनमध्ये सॉकेट असतंच की!’ असतं. पण आपल्या अनेक डब्यांत ते ११० व्होल्टचं असतं. चार्जरवर बारीक अक्षरात १००-२४० व्होल्ट छापलेलं असेल तर काळजी नाही. रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचे, असं रेल्वेनं आगीच्या घटनांनंतर ठरवलेलं आहे. रात्रीच्या गाडीत सॉकेटच्या भरवशावर बसू नये, हे उत्तम.

स्ट्रीमिंगबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण इथे पैसे पाण्यात जाताना दिसतात. प्लेस्टेशन पोर्टल दिसायला हँडहेल्डच आहे, ८ इंची सुरेख पडदा आहे, पण त्यावर गेम इन्स्टॉल होत नाही. घरच्या पीएस५ कन्सोलवर किंवा सोनीच्या सर्व्हरवर गेम चालतो आणि चित्र वाय-फायवरून तुमच्यापर्यंत येतं. सोनी यासाठी इंटरनेटचा वेग किमान ५ एमबीपीएस मागते आणि १५ चा आग्रह धरते. व्हिडिओ आधीच थोडा साठवून ठेवता येतो, गेममध्ये तसं करता येत नाही, कारण पुढच्या क्षणी कोणतं बटण दाबलं जाईल हे कुणालाच ठाऊक नसतं. आता कोकण रेल्वे डोळ्यांपुढे आणा. रोहा ते ठोकूर नव्वदहून अधिक बोगदे, त्यातला करबुडे एकटाच साडेसहा किलोमीटरचा. हॉटेलच्या चांगल्या वाय-फायवर पोर्टल छान चालेल. रत्नागिरीच्या वाटेवर ते शोभेची वस्तू आहे.

‘मग फोन आहेच, वेगळं यंत्र कशाला?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. बुद्धिबळ, कोडी, पत्ते, छोटे गेम यांसाठी फोन पुरे, आणि लहान प्रवासाला मी तोच सुचवेन. अडचण लांबच्या प्रवासात येते. तिकीट, यूपीआय, नकाशा, घरच्यांचे फोन हे सगळं त्याच बॅटरीवर असतं. शिवाय बहुतेक फोनला पंखा नसतो, त्यामुळे भारी गेममध्ये तो तापतो आणि प्रोसेसर स्वतःहून मंदावतो.

तापण्यावरून आठवलं. निन्टेन्डो आपलं आजचं हँडहेल्ड स्विच ५ ते ३५ अंशांत वापरायला सांगते, स्टीम डेकचीही वरची मर्यादा ३५ च आहे. मे महिन्यात नागपूरकडे जाणाऱ्या स्लीपर डब्यात दुपारी काय तापमान असतं, ते वेगळं सांगायला नको. अशा वेळी यंत्र बॅगेत ठेवणं हेच शहाणपण.

घाटात मुलांना मळमळतं ते गेममुळे डोळे बिघडल्यामुळे नव्हे. डोळे स्थिर पडदा पाहतात, आतल्या कानाला वळणं जाणवतात आणि मेंदूचा गोंधळ उडतो. वळणं संपेपर्यंत खेळ थांबवायचा, खिडकीबाहेर लांब पाहायचं. इथेच चटकन स्लीपमध्ये जाणारं यंत्र कामाला येतं. स्विच आणि डेक दोन्ही बटण दाबताच जिथल्या तिथे थांबतात.

मला विचाराल तर लहान मुलांसाठी आणि विमानप्रवासासाठी स्विच लाइट : जेमतेम २७५ ग्रॅम, ३ ते ७ तास. पीसीचे गेम आधीच विकत घेतलेले असतील तर ओएलईडी पडद्याचा डेक, पण त्याचं वजन ६४० ग्रॅम आहे, हे वरच्या बर्थवर आडवं पडून खेळताना मनगटाला कळतं. दोन्ही आपल्याकडे अधिकृतपणे विकले जात नाहीत, आयात केलेला माल मिळतो. तेव्हा दुरुस्ती कोण करणार, हे पैसे देण्याआधी विचारा. नवं स्विच २ घेत असाल तर जुनं मायक्रोएसडी कार्ड गेमसाठी चालत नाही, मायक्रोएसडी एक्स्प्रेस लागतं.

आणि ‘डाउनलोड केलं म्हणजे झालं’ यावरही विसंबू नका. काही गेम पहिल्यांदा उघडताना इंटरनेट मागतात, काही कार्ट्रिजमध्ये अर्धाच गेम असतो. निघायच्या आदल्या रात्री यंत्र एअरप्लेन मोडवर टाका, प्रत्येक गेम एकदा उघडा, दोन मिनिटं खेळून पाहा. जो उघडणार नाही, तो घरचं वाय-फाय हाताशी आहे तोवर दुरुस्त करून घ्या. तारेचे इअरफोनही त्याच वेळी बॅगेत टाका. ब्लूटूथवर आवाज किंचित मागे पडतो, आणि इअरफोन घरी राहिले तर त्या गेमचा आवाज सगळ्या डब्याला ऐकावा लागतो.