दमडीचे माहेर

'दाम करी काम' ही म्हण आपण पाळण्यापासून ऐकत आलो. 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' असा एखादा माणूसही प्रत्येक गावात असतोच. पण दाम आणि दमडी हे शब्द मूळचे आपले नव्हेत, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचे माहेर आहे दूर ग्रीस देशात.

ग्रीक लोक आपल्या चांदीच्या नाण्याला द्राख्मा म्हणत. या शब्दाचा त्यांच्या भाषेतला अर्थ 'मूठभर'. नाणी पाडण्याची कला येण्याआधी तिकडे लोखंडी सळया चलन म्हणून चालत. अशा सहा सळया एका मुठीत मावत, ती एक द्राख्मा. हा शब्द व्यापाऱ्यांबरोबर आणि राजांबरोबर आपल्याकडे आला, तेव्हा त्याचा द्रम्म झाला. उत्तर कोकणात राज्य करणाऱ्या शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत तो द्रम्म म्हणूनच भेटतो. पुढे बोलता बोलता झिजून त्याचा दाम झाला आणि दामाचा बारका तुकडा ती दमडी. सासरी इतकी रुळली की माहेरचे नावच विसरली!

खुद्द ग्रीसमध्ये मात्र द्राख्मा आता चालत नाही. २००२ साली त्या देशाने युरोपातल्या इतर अनेक देशांबरोबर युरो हे चलन हाती घेतले. तरी जुन्याची आठवण त्यांनी सोडली नाही. ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर घुबड आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्स शहराच्या चार द्राख्मांच्या नाण्यावर जे घुबड होते, तेच हे. घुबड म्हणजे अथेना या त्यांच्या विद्येच्या देवतेचा पक्षी. आपल्याकडे घुबड ओरडले की बायाबापड्या घाबरतात. पण भाताच्या कणगीतले उंदीर कोण कमी करतो हे ज्याने पाहिले आहे, त्या शेतकऱ्याने तरी या पक्ष्याला अशुभ म्हणू नये.

याशिवाय ग्रीस सरकार वेळोवेळी स्मारक नाणी काढते. २००४ साली अथेन्सला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा दोन युरोच्या नाण्यावर थाळी फेकणारा खेळाडू आला. २०१० मध्ये मॅरेथॉनच्या लढाईला २,५०० वर्षे झाली म्हणून एक नाणे निघाले. आज वसई-विरारला जी लांब पल्ल्याची शर्यत धावतात, तिचे नाव याच लढाईच्या मैदानावरून पडले आहे. २०१३ मध्ये प्लेटो या तत्त्ववेत्त्याच्या विद्यापीठाची आठवण झाली, २०२० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीची. आपल्याला पावनखिंड, तशी त्यांना थर्मोपिली. दोन युरोची ही नाणी बाजारात चालतात. त्याखेरीज विचारवंत, नाटककार यांच्या नावाने चांदीची नाणी पाडतात. ती डबीत घालून शौकिनांना विकण्यासाठीच असतात, भाजी घ्यायला कोणी नेत नाही.

आता म्हणाल, ग्रीसच्या नाण्यांशी वैतरणेकाठच्या माणसाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो हाकेच्या अंतरावर आहे. वैतरणा स्टेशनावरून गाडीत बसले की विरार आणि विरारनंतर नालासोपारा. हे सोपारे म्हणजे जुने शूर्पारक बंदर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने या किनाऱ्याची माहितीवही लिहून ठेवली आहे. तिच्यात सोपारा आहे, कल्याणही आहे. भडोचच्या बाजारात ग्रीक अक्षरांची जुनी द्राख्मा नाणी अजून चालतात, असेही त्याने नोंदवले आहे.

त्याच सुमारास या भागावर नहपान नावाच्या क्षत्रप राजाची सत्ता होती. त्याच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे आहेत. गंमत अशी, की अक्षरे ग्रीक असली तरी भाषा इथलीच, प्राकृत. त्याचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेण्यांत लेख कोरून ठेवले आहेत. त्यांत त्याने दमणा, डहाणुका अशा नद्यांवर लोकांसाठी फुकट होड्या ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे आपल्या डहाणूकडच्या माणसाला त्या काळी तराचे पैसे पडत नव्हते! भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी त्याने ३,००० नाणी गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन संघांकडे ठेव ठेवली. २,००० वर महिना शेकडा एक नाणे व्याज आणि १,००० वर महिना शेकडा पाऊण. मुद्दल कधी काढायचे नाही, फक्त व्याज खायचे. सहकारी सोसायटीचा हिशेब ज्याला कळतो, त्याला हा लेख वाचायला पंडित लागणार नाही.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाची सुमारे १३,२५० नाणी एका ठिकाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर, थेट नहपानाच्या चेहऱ्यावर, गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. तीन कमानींची टेकडी आणि आपले नाव. नाणी वितळवून नवी पाडता आली असती, पण मग विजय लोकांच्या हातोहात कसा गेला असता? माझ्या मते महाराष्ट्राची पहिली स्मारक नाणी हीच.

राजाचा चेहरा नाण्यावर घालण्याची चाल ग्रीकांकडून क्षत्रपांकडे आणि क्षत्रपांकडून सातवाहनांकडे आली. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचे 'बुरुड राजाचा कोट' नावाचे टेकाड खणले. आत बौद्ध स्तूप निघाला. त्यात एक दगडी पेटी, पेटीत एकात एक ठेवलेले करंडे, सोन्याची फुले आणि चांदीचे एकच नाणे. ते यज्ञश्री सातकर्णीचे, चेहरा असलेले. स्तूपातल्या या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या.

आपल्या सरकारनेही स्मारक नाणी काढली आहेत. पहिले १९६४ साली पंडित नेहरूंचे. १९६९ मध्ये गांधी शताब्दीची निघाली. त्यांतले दहा रुपयांचे नाणे पंधरा ग्रॅमचे, आणि त्यात ८० टक्के चांदी. पुढची मालिका तर खास आपली, शेतकऱ्यांची. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या निमित्ताने १९७३ मध्ये 'अधिक अन्न पिकवा' हा संदेश पन्नास पैशांवर आला. १९७४ मध्ये नियोजित कुटुंब, १९७७ मध्ये विकासासाठी बचत, १९८० मध्ये ग्रामीण स्त्रियांची उन्नती, १९८७ मध्ये लहान शेतकरी. ॲल्युमिनियमची ती हलकी दहा पैशांची नाणी आठवतात ना? मुले त्यांनी गोट्यांसारखी खेळत. वर शेतीचा संदेश आहे, हे बघायला सवड कोणाला होती! २०२० साली या संघटनेला ७५ वर्षे झाली तेव्हा ७५ रुपयांचे नाणे निघाले, पण ते बाजारात फिरण्यासाठी नव्हते. चालत्या नाण्यांत १९९० चे डॉ. आंबेडकरांचे एक रुपयाचे, १९९९ चे संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे आणि त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे. एकदा आपला डबा उघडून पाहा. सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीतले, चांदणी असेल तर हैदराबादचे.

आणि आता जे सांगायचे ते नीट ऐका, कारण यात घरे बुडाली आहेत. मोबाइलवर जाहिरात येते, 'ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट द्या, लाखो रुपये घ्या.' कधी ती वैष्णोदेवीच्या नाण्याची असते, कधी पितळेसारख्या दिसणाऱ्या जुन्या वीस पैशांची. या वीस पैशांत सोने आहे अशी आवई पूर्वीपासून आहे. त्यात सोने नाही, तांब्याचे मिश्रण आहे. आपण फोटो पाठवला की समोरचा लगेच सौदा पक्का करतो. मग नोंदणीचे पैसे मागतो, मग कर, मग रिझर्व्ह बँकेच्या दाखल्याची फी. प्रत्येक वेळी रक्कम वाढत जाते आणि आपण आधीचे वाचवण्यासाठी पुढचे भरत जातो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितले आहे, की अशा व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती कोणाकडून फी मागत नाही. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. मागितले की फोन ठेवावा. पैसे गेलेच, तर त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

लाखाच्या संख्येने पाडलेल्या नाण्याला फार मोठी किंमत येत नसते. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातूनही गेली. शिवराईचेही तसेच. देव्हाऱ्यातली शिवराई पुजावी जरूर, पण शिवराया महाराजांनंतरही दीर्घकाळ पाडल्या जात होत्या, म्हणून प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. जुने नाणे चिंचेने, राखेने वा रांगोळीने घासू नये. वरचा थर गेला की अक्षरे जातात, आणि अक्षरे गेली की राहतो तो धातूचा तुकडा. बायकांना एक विनंती, भांड्यांबरोबर ते घासायला घेऊ नका.

राहता राहिले शेतात सापडणारे गाडगे. नांगराला किंवा विहिरीच्या खोदाईला असे काही लागले, की पहिला विचार सोनाराचा येतो. तो येऊ देऊ नये. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर काय सापडले, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते आणि वस्तू सरकारी खजिन्यात ठेवावी लागते किंवा जामीन द्यावा लागतो. लपवल्यास वाटा तर जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चौकशीत कोणी मालक निघाला नाही आणि आपसांत वेगळा करार नसला, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक. म्हणजे रोजावर खोदणाऱ्या मजुराचाही त्यात हक्क आहे, हे मालकाने ध्यानात ठेवावे. सरकारने ती वस्तू स्वतःकडे घ्यायचे ठरवले, तर धातूची किंमत आणि तिच्या एकपंचमांश जादा रक्कम देते. अर्ज साध्या कागदावर लिहिला तरी चालतो. तलाठ्याला बरोबर घ्यावे आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नये.