गाडीच्या पोटाला चिलखत : संरक्षक पत्रा निवडताना

पावसाळा ओसरला की सह्याद्रीतील कच्च्या वाटांवर ‘फोर व्हील ड्राइव्ह’ गाड्यांची वर्दळ वाढू लागते. महिंद्रची थार २०२० मध्ये नव्या रूपात आली, मारुतीची जिम्नी २०२३ मध्ये बाजारात दाखल झाली आणि आडवाटेने गाडी हाकण्याचा छंद मूठभर जीपवेड्यांपुरता मर्यादित राहिला नाही. नवी गाडी दारात आली की मालक सर्वप्रथम रुंद टायर, जादा दिवे आणि टपावरचे कॅरिअर यांवर पैसे खर्च करतो. या साऱ्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी आहेत. दगड मात्र गाडीला गाठतो तो खालून, आणि तेथे नेमके काय आहे, हे बहुतेक मालकांनी कधी वाकून पाहिलेले नसते.

गाडीच्या पोटातील सर्वांत नाजूक जागा म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेले तेलाचे भांडे. गॅरेजच्या बोलीत त्याला ‘चेंबर’ म्हणतात. काही गाड्यांत ते पातळ पत्र्याचे, तर काहींत ओतीव ॲल्युमिनियमचे असते. दगडाचा मार बसला की पत्र्याचे चेंबर चेपते आणि ओतीव चेंबरला तडा जातो. तडा गेल्यास तेल काही मिनिटांत वाहून जाते. चेपलेले चेंबरही निर्धोक नसते. तळ वर आल्याने तेल ओढणाऱ्या नळीचे तोंड दाबले जाते आणि तेल असूनही ते इंजिनपर्यंत पोहोचत नाही. अशा स्थितीत गाडी तशीच पुढे नेली तर बेअरिंगे जळतात आणि इंजिन जाम होते. चेंबर बदलणे आणि संपूर्ण इंजिन नव्याने बांधणे यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्यातच ही घटना मोबाइलला रेंज नसलेल्या घाटवाटेवर, सूर्य मावळताना घडली, तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

चेंबर आणि दगड यांच्यामध्ये उभा राहणारा जाड पत्रा म्हणजे ‘स्किड प्लेट’. आपल्याकडे ‘अंडरगार्ड’ किंवा ‘इंजिन गार्ड’ ही नावेही रूढ आहेत. कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या ट्रान्सफर केसखाली असा पत्रा होता. तो कशासाठी आहे, हे नीट समजून घेतले तर निवड सोपी होते. दगडाचा घाव झेलणे हे त्याचे निम्मे काम. उरलेले निम्मे, आणि अधिक महत्त्वाचे काम म्हणजे गाडीला दगडावरून अडकू न देता घसरत पुढे जाऊ देणे.

आधी खाली वाका

खरेदीपूर्वी गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून आणि चाकांना अडण लावून तिच्या खाली पाहावे. कंपनीने बसवलेले काळे आवरण अनेकदा संरक्षक पत्रा वाटते. प्रत्यक्षात ते चिखल व पाणी उडू नये म्हणून लावलेले प्लास्टिक असते. बोटाने वाजवून किंवा लोहचुंबक लावून ही शंका फेडता येते. त्यानंतर पुढून मागे एकेक अवयव नोंदवावा : रेडिएटरचा तळ, स्टिअरिंगच्या दांड्या, चेंबर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, इंधनाची टाकी, शॉकअपच्या खालच्या पकडी आणि दोन्ही डिफरन्शिअल. यांपैकी कोणता भाग फ्रेमच्या पातळीखाली लोंबतो, तेथे संरक्षणाची निकड सर्वाधिक.

आखूड थारच्या प्रसिद्ध तपशिलांनुसार तिची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आहे, तर जिम्नीची २१०. या आकड्यांवर विसंबताना एक बाब ध्यानात घ्यावी लागते. जिम्नीला पुढे व मागे अखंड ॲक्सल आहेत, त्यामुळे ॲक्सलमधील डिफरन्शिअल चाकाबरोबर वर-खाली होते आणि त्याची जमिनीपासूनची उंची जवळपास कायम राहते. थारच्या पुढील चाकांचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे. तेथील डिफरन्शिअल फ्रेमला टांगलेले असते. स्प्रिंग दाबली गेली की ते जमिनीच्या जवळ येते. उभ्या गाडीखाली मोजलेली उंची खड्ड्यात आदळणाऱ्या गाडीला मिळत नाही.

मधल्या भागाचा हिशेब निराळा. उंचवटा ओलांडताना पुढील चाके पलीकडे उतरतात, मागील अलीकडे असतात आणि गाडीचे पोट मधोमध टेकते. या क्षमतेचा कोन आखूड थारमध्ये २७ अंश, तर जिम्नीमध्ये २४ अंश दिला जातो. म्हणूनच केवळ पुढे पत्रा लावून थांबणाऱ्या मालकाच्या गाडीचा ट्रान्सफर केस बांधावर अडकलेला दिसतो.

पोलाद की ॲल्युमिनियम?

बाजारात प्रामुख्याने पोलाद व ॲल्युमिनियम हे दोन पर्याय मिळतात. पोलादाची घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट. एक चौरस मीटरचा ४ मिलिमीटर जाड पोलादी पत्रा सुमारे ३१ किलो भरतो. तेवढाच ६ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे १६ किलो. पोलादाची अंगभूत ताठरता ॲल्युमिनियमच्या तिप्पट असली, तरी पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की विरोध आठपट होतो. त्यामुळे ६ मिलिमीटर ॲल्युमिनियम हे ४ मिलिमीटर पोलादापेक्षा किंचित अधिकच ताठ ठरते, तेही निम्म्या वजनात.

मग पोलाद कशासाठी? कारण दगडावर घासताना दोन्ही धातू वेगळे वागतात. ॲल्युमिनियम मऊ असल्याने दगडाची धार त्यात रुतते, चरे पडतात आणि गाडी घसरण्याऐवजी अडते. पोलादावर ओरखडा उठतो, पण गाडी सरकते. दख्खनचा काळा बेसॉल्ट कठीण आणि धारदार. नदीपात्रातील धोंडे व घाटातील दरडी ओलांडणाऱ्याला पोलादच अधिक साथ देते. कोकण-गोव्याकडच्या जांभ्याच्या, चिखलाच्या वाटांवर किंवा वाळूत जाणाऱ्याला, तसेच लांबच्या प्रवासात सामानाचे ओझे वाहणाऱ्याला हलके ॲल्युमिनियम सोयीचे. शिवाय पोलादी पत्रा वाकला तर गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात ठोकून सरळ होतो. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग सर्वत्र होत नाही.

दोन्ही धातूंचे शत्रू मात्र वेगळे. पोलादाला गंज चढतो. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असलेल्या किनारपट्टीवर तो लवकर चढतो. झिंकचा थर दिलेला पत्रा नुसत्या रंगवलेल्या पत्र्यापेक्षा टिकतो, तरी दगडाने थर खरवडला गेल्यावर दुरुस्ती करावीच लागते. ॲल्युमिनियमला असा गंज लागत नाही. परंतु ते पोलादी फ्रेमला थेट टेकले आणि मध्ये खारे पाणी साचले, तर सांध्यापाशी ॲल्युमिनियम झिजू लागते. त्यासाठी मध्ये रबर वा नायलॉनचे वॉशर हवेत. उच्च घनतेच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचाही तिसरा पर्याय आहे. त्या हलक्या व घसरण्यास उत्तम असतात, पण सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळतात. सायलेन्सरच्या पाइपाजवळ त्यांना स्थान नाही.

पत्र्यापेक्षा पकड महत्त्वाची

जाडीची चर्चा खूप होते. पत्रा कशाला बांधला आहे, याची फारशी होत नाही. दीड-दोन टनांची गाडी जेव्हा एका दगडावर टेकते, तेव्हा तो भार पत्र्यातून त्याच्या बोल्टांकडे आणि बोल्टांतून गाडीकडे जातो. हे बोल्ट फ्रेमच्या मूळ छिद्रांत वा आडव्या बीममध्ये असतील तर भार योग्य जागी पोहोचतो. पातळ पत्र्याच्या बॉडीला किंवा गिअरबॉक्सच्या कवचालाच पत्रा जखडला असेल, तर ज्याला वाचवायचे त्याच्यावरच घाव बसतो.

पत्रा आणि चेंबर यांत मोकळी जागाही हवी. पत्रा थोडा लवचिक असतो. ती जागा नसेल तर तो आत दबून चेंबरलाच धडकतो. साधारण बोटभर अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. उलट ते फार वाढवले तर जमिनीपासूनची उंची विनाकारण घटते.

अनेक पत्रे असतील तर त्यांची मांडणी कौलांसारखी असावी. उतारावरील पाणी सांध्यात न शिरता पुढच्या कौलावर जावे, तसा दगड पुढील पत्र्यावरून मागील पत्र्यावर सरकला पाहिजे. मागील पत्र्याची कड पुढे डोकावत असेल तर दगड नेमका तेथेच अडतो. सर्वांत पुढची कड होडीच्या नाळेसारखी वर वळलेली हवी. बोल्टांची डोकी पत्र्याच्या पातळीत बुडलेली असावीत. बाहेर आलेली डोकी दगडाने घासून गोल होतात आणि मग पाना लागत नाही. तेल बदलण्याच्या बोल्टखाली छिद्र आहे का, हेही आधीच तपासावे, अन्यथा प्रत्येक सर्व्हिसिंगला संपूर्ण पत्रा उतरवावा लागतो.

उष्णता, चिखल आणि वाळलेले गवत

पोट पूर्ण झाकणे म्हणजे पूर्ण सुरक्षितता, हा समज चुकीचा आहे. इंजिन व गिअरबॉक्सला खालून वाहणाऱ्या वाऱ्याची गरज असते. म्हणून चांगल्या पत्र्याला हवा खेळण्यासाठी फटी आणि पाणी-चिखल गळण्यासाठी छिद्रे असतात. चिखल आत अडकून राहिला तर तो ओलावा धरून ठेवतो आणि गंजाला आमंत्रण देतो.

याहून गंभीर धोका पावसाळ्यानंतरचा. ऑक्टोबरपासून सह्याद्रीच्या पठारांवरचे गवत वाळू लागते. त्यातून गाडी गेली की काड्या पत्र्याच्या वर, सायलेन्सरच्या भोवती साठतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साठलेली काजळी जाळून स्वच्छ होताना त्यातील तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत जाते. अशा वेळी वाळलेल्या गवतावर गाडी उभी करणे, हे गाडी आणि डोंगर दोघांनाही घातक. गवतातून बाहेर पडताच थांबून, सायलेन्सर निवल्यावर काड्या काढण्याची सवय हवी. मुळात कास पठारासारख्या जपलेल्या जागी वा राखीव जंगलात वाट सोडून गाडी घालू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

कायदा, वॉरंटी आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल गाडीत करता येत नाहीत. समोरच्या अवजड लोखंडी बंपरांविरुद्ध केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करण्यास सांगितले, ते याच कलमाच्या आधारे. पोटाखालचा पत्रा हा त्या बंपरांसारखा पादचाऱ्यांना इजा करणारा भाग नाही. तरीही फ्रेम कापणे, तिला नवी छिद्रे पाडणे वा वेल्डिंग करणे टाळावे आणि मूळ छिद्रांत बसणारा, काढता येणारा संच निवडावा. फ्रेमची ताकद आणि वॉरंटी या दोन्ही दृष्टींनी तेच हितावह. कंपनीच्या अधिकृत सुट्या भागांत असा संच उपलब्ध असल्यास वॉरंटीचा वाद उद्भवत नाही.

विम्याबाबतही गैरसमज आहेत. दगडाने फुटलेल्या चेंबरची भरपाई सर्वसमावेशक विम्यात साधारणपणे मिळते. मात्र तेल गळत असताना गाडी चालवत राहिल्याने इंजिन जाम झाले, तर ते अपघाताचे थेट नुकसान नसून पुढचा परिणाम मानला जातो आणि दावा फेटाळला जाण्याची शक्यता असते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे स्वतंत्र जोडकलम मिळते. त्याच्या अटी वाचूनच ते घ्यावे.

कोणाला किती?

महिन्यातून एकदा फार्महाऊसच्या कच्च्या रस्त्याने जाणाऱ्याला इंजिनखालचा एक चांगला पत्रा पुरेसा आहे. घाटवाटा व नदीपात्रे ओलांडणाऱ्याने गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि इंधनाची टाकी झाकावी. मोठ्या दगडांवर गाडी चढवणाऱ्याला याखेरीज दारांखालच्या उंबऱ्याचे रक्षण करणाऱ्या, फ्रेमला बांधलेल्या मजबूत नळ्या लागतात; पाय ठेवायची शोभेची पायरी तेथे उपयोगी पडत नाही. संपूर्ण पोलादी संचाचे वजन एका माणसाएवढे भरू शकते. तो कायमचा प्रवासी समजून स्प्रिंगा व सामानाचे गणित करावे.

पत्रा बसवला की काम संपत नाही. दगडाळ वाटेवरून आल्यावर बोल्ट आवळणे, साचलेला चिखल धुणे आणि वर्षातून एकदा तरी पत्रा उतरवून आत डोकावणे आवश्यक आहे, कारण तेलाची बारीक गळती पत्र्यावरच साचते आणि जमिनीवर डाग पडत नाही. आणि मोठा आवाज होऊन फटका बसलाच, तर पत्र्याच्या भरवशावर पुढे जाऊ नये. इंजिन बंद करून खाली पाहावे. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला असेल, तर ते इंजिन पुन्हा सुरू न करणे हाच सर्वांत स्वस्त उपाय.