एका कार्बनची चूक

दिवाळीच्या पहाटे अंगाला लावायच्या उटण्यात नागरमोथा असतो, कचोरा असतो, वाळा असतो. सगळे मातीखालचे. फुलांच्या वासाचे कौतुक सगळेच करतात. मला लहानपणापासून ओढ या जमिनीतल्या वासांची. त्या ओढीनेच मी आयरिसच्या गड्ड्यापर्यंत पोचलो. अत्तरांच्या व्यवसायात वाळवलेल्या या गड्ड्याला ‘ऑरिस’ म्हणतात. 1970 साली आलेल्या ‘शनेल नंबर 19’मध्ये थंड, पावडरीसारखा जो वास दरवळतो, तो याचा.

फ्लॉरेन्सजवळच्या कियांती टेकड्यांवर, सान पोलो गावाच्या आसपास, द्राक्षवेली आणि ऑलिव्हच्या सोबतीने ‘आयरिस पॅलिडा’ लावतात. लागवडीनंतर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात गड्डे खणायचे, हाताने एकेक सोलायचे, उन्हात वाळवायचे आणि मग आणखी तीनेक वर्षे नुसते ठेवून द्यायचे. ताज्या गड्ड्याला सांगण्यासारखा वास नसतो. त्यातली ‘इरिडाल’ नावाची द्रव्ये हवेतल्या ऑक्सिजनने सावकाश तुटत जातात, त्यातून ‘आयरोन’ तयार होते, आणि सुगंध आयरोनचा. एवढे करून एक टन वाळल्या गड्ड्यांतून वाफेने निघते ते जेमतेम दोन किलो लोण्यासारखे द्रव्य. त्यातही बहुतांश मिरिस्टिक आम्ल, म्हणजे जायफळाच्या ‘मिरिस्टिका’ या शास्त्रीय नावावरून ज्याचे नाव पडले ते, जवळजवळ बिनवासाचे.

या गड्ड्याच्या इतिहासात मला सर्वांत जास्त गुंतवले ते फेर्डिनांड टीमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. बारावीला रायमर-टीमान अभिक्रिया घोकलेल्यांना नाव ओळखीचे वाटेल, तोच हा. 1874 मध्ये विल्हेल्म हारमानबरोबर त्याने कृत्रिम व्हॅनिलिन बनवले होते. त्यानंतर त्याला हवा होता बनफशाच्या फुलांचा, म्हणजे व्हायोलेटचा सुगंध. फुलांचे तेल अतिशय महाग आणि अत्यल्प. म्हणून त्याने आणि पॉल क्र्यूगरने तसाच वास असलेले ऑरिस हाती घेतले. फुलात आणि गड्ड्यात सुगंधाचे द्रव्य एकच असणार, हे त्यांचे गृहीत. 1893 मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. शीर्षक साधेच: ‘व्हायोलेटच्या सुगंधाविषयी’.

या लेखात आयरोनचे सूत्र चुकले आहे. टीमानने त्यात कार्बनचे 13 अणू धरले. प्रत्यक्षात ते 14 आहेत. त्या चुकीच्या सूत्राला जुळेल असे द्रव्य त्याने कृत्रिम रीतीने बांधले: सिट्रल आणि ॲसिटोन अल्कलीच्या साहाय्याने जोडले, मग आम्लाने रेणूचे कडे बंद केले. हाती आलेल्या द्रव्याला व्हायोलेटचा वास होता. त्याचे नाव ‘आयोनोन’. ऑरिसमधले आयरोन ते नव्हतेच. पण पुढे खुद्द बनफशाच्या फुलांच्या तेलात आयोनोन सापडले. गड्ड्याची नक्कल करायला गेलेल्या माणसाने नकळत फुलातलेच द्रव्य तयार केले होते.

हा निव्वळ नशिबाचा खेळ, असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला ते मान्य नाही. त्या काळी पदार्थ जाळून त्यातला कार्बन मोजत. 13 कार्बनच्या सूत्रात कार्बनचे प्रमाण 81.2 टक्के येते, 14 कार्बनच्या सूत्रात 81.5 टक्के. एवढ्या बारीक फरकावर, मोठ्या कष्टाने मिळालेल्या थोड्याशा तेलातून निकाल द्यायचा होता. चूक झाली ती निष्काळजीपणाने नव्हे. आणि चुकीच्या सूत्रावरून योग्य वासापर्यंत पोचायला रेणूची घडण मनात दिसावी लागते. ती त्याला दिसत होती.

या कथेत आपलाही एक धागा आहे. व्हायोलेटचा वास कारखान्यात करायचा तर सिट्रल मुबलक हवे, आणि ते भरपूर असते आपल्या चहात पडणाऱ्या गवती चहाच्या गोतावळ्यात. मलबारकडच्या गवताचे तेल कोचीन बंदरातून जहाजांवर चढे आणि युरोपच्या बाजारात कोचीनच्याच नावाने ओळखले जाई. पावसाळी सकाळी पातेल्यातून जो वास उठतो, त्यातल्याच द्रव्यापासून युरोपने व्हायोलेट घडवले.

टीमान 1899 मध्ये गेला. आयरोनच्या रचनेचा उलगडा व्हायला 1947 उजाडले. लिओपोल्ड रुझिका आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चौदाव्या कार्बनची जागा निश्चित केली. म्हणजे चूक पुरती दुरुस्त व्हायला 54 वर्षे लागली. आणि त्याच 1947 मध्ये स्वित्झर्लंडच्या हॉफमन-ला रॉश कंपनीत ऑटो इस्लरच्या गटाने जीवनसत्त्व अ चा रेणू प्रयोगशाळेत उभा केला. सुरुवातीचे द्रव्य होते बीटा-आयोनोन. कियांतीच्या गड्ड्याची नक्कल करताना हाताला लागलेले ते कडे आता डोळ्यांच्या औषधाला लागले होते.