न दिसणारें आकाश

डोळ्यांस दिसतें तेवढेंच आकाश नव्हे. आकाशस्थ पदार्थांकडून प्रकाशाबरोबर रेडिओच्या लहरीही पृथ्वीवर येत असतात. कार्ल जान्स्की हा अमेरिकन अभियंता दूरध्वनींतील खरखरीचें मूळ शोधीत होता. त्या खरखरीचा कांहीं अंश आकाशगंगेंतून येतो, असें त्यानें १९३३ सालीं जाहीर केलें. रेडिओनें आकाश पाहण्याचा आरंभ तेथें झाला.

यांत अडचण अशी कीं, लहर जितकी लांब तितकें चित्र अस्पष्ट. एक मीटरची लहर प्रकाशाच्या लहरीहून सुमारें २० लाख पट लांब असते. तिच्या साहाय्यानें नुसत्या डोळ्याइतकें स्पष्ट पाहावयाचें, तरी दुर्बिणीचें तबक तीन-चार किलोमीटर रुंद असावें लागेल. असें तबक उभारावें कसें आणि फिरवावें कसें?

पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें या प्रश्नाचें उत्तर उभें आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं तेथें ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभारल्या. त्यांपैकीं १४ मध्यभागीं असून उरलेल्या १६ तीन भुजांवर सुमारें २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. त्यांचें तबक पत्र्याचें नसून बारीक पोलादी तारांच्या जाळीचें आहे. लांब लहरींना ही जाळी आरशासारखीच. वारा मात्र तींतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका व खर्च थोडा.

एकच लहर निरनिराळ्या अँटेनांवर किंचित् मागेंपुढें पोंचते. तो विलंब हिशेबांत धरून प्रत्येक दोन अँटेनांचे संकेत एकमेकांशीं ताडून पाहतात. अशा ४३५ जोड्या होतात. पृथ्वी फिरते तशी या जोड्यांची मांडणी आकाशाच्या दृष्टीनें बदलत जाते, आणि कांहीं तासांत संगणक त्यांवरून चित्र जुळवितो. तें २५ किलोमीटर रुंद तबकानें घेतल्यासारखें सूक्ष्म असतें. लहरी गोळा करण्याची शक्ति मात्र ३० अँटेनांचीच.

हायड्रोजन वायूची मूळ लहर २१ सेंटिमीटरची. सुमारें ८८० कोटी वर्षांपूर्वीं एका दीर्घिकेंतून निघालेली ही लहर, विश्वाच्या प्रसरणानें ताणली जाऊन ४८ सेंटिमीटरची झालेली, खोडद येथें टिपली गेल्याचें २०२३ सालीं जाहीर झालें. वाटेंतील दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानें भिंगासारखें काम केलें, म्हणूनच ती कळली. इतकी ती क्षीण होती.

अशी लहर जवळच्या मोबाइल फोनच्या किंवा विजेच्या ठिणगीच्या गोंगाटांत सहज बुडून जाते. खोडदची निवड झाली तीही तेथील रेडिओ-शांततेमुळें. या दुर्बिणीस ढगांची अडचण नाहीं आणि रात्रीची गरज नाहीं. भोंवतालची शांतता मात्र राखलीच पाहिजे. नाहीं तर कोट्यवधि वर्षांचा प्रवास करून आलेला संदेश अगदीं दाराशीं येऊन हरवेल.