नाद्याचा आवाज कोणाचा?

रशियन मी शिकलो ते स्वस्तात मिळणाऱ्या सोव्हिएत पुस्तकांवरून आणि एका जाडजूड शब्दकोशावरून. त्यामुळे एल्दार र्‍याझानोव यांचा ‘नशिबाची थट्टा’ हा दूरदर्शनपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे लक्ष उपशीर्षकांवरच होते. आवाजांकडे कान गेलाच नाही.

हा दोन भागांचा, सुमारे तीन तासांचा चित्रपट सोव्हिएत दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ रोजी प्रथम दाखवला गेला. वर्षअखेरीच्या संध्याकाळी मित्रांबरोबर स्नानगृहात यथेच्छ दारू प्यालेला मॉस्कोचा डॉक्टर झेन्या चुकून लेनिनग्राडच्या विमानात चढवला जातो. तिथे उतरून तो टॅक्सीवाल्याला आपला नेहमीचा पत्ता सांगतो: बांधकाम कामगारांचा तिसरा रस्ता, इमारत २५, फ्लॅट १२. तोच रस्ता, तशीच इमारत, आणि किल्लीसुद्धा लागते! घर मात्र नाद्या नावाच्या शिक्षिकेचे. तिचा होऊ घातलेला नवरा इप्पोलित दारात येतो तेव्हा हा परका माणूस पलंगावर झोपलेला.

या विनोदाखाली इतिहास आहे. १९५५ च्या सरकारी ठरावाने वास्तुरचनेतील ‘अनावश्यक’ सजावट मोडीत निघाली आणि कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींची एकसारखी घरे देशभर उभी राहिली. (चित्रपटातल्या दोन्ही इमारती मॉस्कोतल्याच आहेत, हे आणखी एक.)

या लेखासाठी माझा मुद्दा ठरलेला होता. सगळे साच्यातले असताना वेगळे असते ते गाणे. नाद्या गिटार घेऊन मारिना त्स्वेतायेवाची कविता गाते, झेन्या पास्तरनाकची. संगीत तारिव्हेर्दिएव यांचे. १९४१ मध्ये आत्महत्या केलेली कवयित्री आणि १९५८ मध्ये नोबेल नाकारावे लागलेला कवी नववर्षाच्या रात्री घराघरांत ऐकू येतात, आणि दोन अनोळखी माणसे त्या गाण्यांतून एकमेकांना ओळखू लागतात.

पण नाद्याचा चेहरा पोलिश अभिनेत्री बार्बारा ब्रिल्स्का यांचा. नाद्या शाळेत रशियन शिकवते. तिच्या बोलण्यात परकी ढब चालली नसती. म्हणून संवाद व्हालेंतिना तालीझिना यांच्या आवाजात, आणि गाणी आल्ला पुगाचोवा यांची. म्हणजे ज्या एकमेव बाईवर झेन्या भाळतो, तीच तीन बायकांची जुळणी! तालीझिना पडद्यावर नाद्याची मैत्रीण म्हणूनही येतात. त्या प्रसंगात त्या जवळजवळ स्वतःशीच बोलतात.

माझा मुद्दा इथे ढासळला म्हणावा, तर तसेही नाही. पुन्हा चित्रपट लावला, या वेळी उपशीर्षके झाकून. जोड कुठे दिसेना. त्या रात्रीपुरती नाद्या अखंडच वाटली. तालीझिनांचे नाव मात्र तेव्हापासून डोक्यातून जात नाही. १९७७ साली या चित्रपटासाठी सोव्हिएत राज्य पुरस्कार दिला गेला, तेव्हा मानकऱ्यांत ब्रिल्स्का होत्या. तालीझिना आणि पुगाचोवा नव्हत्या.